गंजलेला बोल्ट आणि बळाची मर्यादा

नीतीचे प्रश्न म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें रणांगण, न्यायासन किंवा धर्मसभा उभी राहते. अर्जुनाचा मोह, हरिश्चंद्राचें सत्त्व, रामशास्त्र्यांचा निर्भीडपणा अशा थोर कथांवर आपण पोसलों असल्यामुळें नीति ही थोर प्रसंगांचीच मिरास आहे, असा आपला नकळत समज होऊन बसतो. वस्तुतः सामान्य मनुष्याच्या आयुष्यांत असे प्रसंग एकदोन आले तर आले. त्याची नीति ज्या प्रसंगीं कसाला लागते ते प्रसंग लहान असतात, मळकट असतात, आणि बहुधा त्यांना साक्षीदार नसतो. प्रस्तुत लेखाचा विषय असाच एक मळकट प्रसंग आहे. गाडीचा निकामी झालेला शॉकअप, ज्याला पुस्तकी भाषेंत शॉक ॲबसॉर्बर म्हणतात तो, बदलावयाचा आहे. आणि तो ज्या बोल्टानें जखडला आहे तो बोल्ट गंजून बसला आहे. पाना लावला तर हालत नाहीं. जोर केला तर डोकें तुटून हातांत येण्याची भीति. अशा वेळीं काय करावें?

हा प्रश्न नीतीचा कसा, तो तर कारागिरीचा, असें कोणी म्हणेल. कारागिरीचा तो आहेच. परंतु जरा बारकाईनें पाहिलें तर त्यांत तीन गोष्टी अशा आहेत कीं, ज्या निव्वळ कारागिरींत मावत नाहींत. पहिली ही कीं, जो मनुष्य हा बोल्ट सोडवावयास बसला आहे त्यानें तो गंजविलेला नाहीं. दुसऱ्याच्या हयगयीचें फळ त्याच्या हातीं आलें आहे. दुसरी ही कीं, येथें बळ वापरावेंच लागणार, आणि बळ चुकलें तर जें वांचवावयाचें तेंच मोडणार. तिसरी ही कीं, काम कसें झालें हें पाहावयास गाडीखालीं कोणीहि वांकणार नाहीं, आणि त्या कामाच्या बरेवाईटपणावर मात्र अनोळखी माणसांचे प्राण अवलंबून राहणार. दुसऱ्यानें निर्माण केलेली अडचण, आपल्या हातांतलें बळ, आणि साक्षीदाराचा अभाव, हीं तीन जेथें एकत्र येतात तेथें नीतीचा प्रश्न उपस्थित झाल्यावांचून राहत नाहीं.

बुलढाणा जिल्ह्यांतील वाचकांस हा प्रसंग फारसा समजावून सांगावयास नको. या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोकांच्या तोंडीं रूढ आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगांव राजा. आणि खालीं पूर्णेच्या खोऱ्याच्या बाजूस मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगांव, शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद. घाटांतली गाडी वळणावळणावर आपला भार एका अंगावरून दुसऱ्या अंगावर टाकते. घाटाखालची काळी कपाशीची जमीन पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते, त्यामुळें तिच्यावरच्या रस्त्याची बैठक कधींच स्थिर राहत नाहीं. त्यांत पूर्णेच्या खोऱ्यांत जो खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो, आणि जो अकोला, अमरावती व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे, तेथील जमिनीखालचें पाणी खारें आहे. घाटावरचें लोणारचें सरोवर तर आपल्या क्षारांकरितां जगाला ठाऊक आहे, आणि लवणासुराच्या वधाची कथा त्याच ठिकाणीं सांगितली जाते. लोखंडाच्या दृष्टीनें हा असुर अद्यापि मेलेला नाहीं. खारा चिखल गाडीच्या पोटाला चिकटतो, तेथेंच वाळतो, पुन्हा भिजतो. आणि गंज चढावयास याहून अधिक अनुकूल असें दुसरें कांहीं नाहीं.

आतां ज्याच्यासाठीं हा खटाटोप, त्या शॉकअपाचें कार्य काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. गाडीचा भार पेलतात ते पाटे किंवा स्प्रिंगा. चाक खड्ड्यांत आदळलें कीं ते दबतात आणि लगेच उसळतात. ती उसळी आवरणारें कोणी नसेल तर गाडी झोक्याप्रमाणें वरखालीं होत राहते. शॉकअपांत तेलानें भरलेली नळी असते. तिच्यांत दट्ट्या सरकतो, दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेल दाबानें वाट काढतें, आणि उसळीची शक्ति उष्णतेंत बदलून विरून जाते. पाटे झेलतात, शॉकअप शमवितो. तो गेला तर बसणाऱ्याच्या पाठीला हिसके बसतात, एवढेंच बहुतेकांना वाटतें. खरी गोष्ट याहून गंभीर आहे. उसळणारें चाक रस्त्यावर नीट टेकत नाहीं, आणि जें चाक टेकत नाहीं त्याला ब्रेक लावून फारसा उपयोग होत नाहीं. ब्रेक चाकाला थांबवितो. गाडीला थांबवितो तो टायरचा रस्त्याशीं असलेला स्पर्श. ११ डिसेंबर २०२२ रोजीं समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाल्यापासून मेहकर आणि सिंदखेड राजा या तालुक्यांतून गाड्या पूर्वीं कधीं नव्हत्या इतक्या वेगानें धांवूं लागल्या आहेत. राजूर घाटाची उतरण असो कीं या महामार्गाचा वेग असो, शॉकअप ही चैनीची वस्तु नसून गाडींतल्या प्रत्येकाच्या जीविताची हमी आहे. तो बदलणें लांबणीवर टाकतां येत नाहीं, आणि बोल्ट तर सुटत नाहीं: खरा पेंच हा आहे.

या पेंचाच्या मुळाशीं जो गंज आहे त्याचें स्वरूप मोठें विचार करण्यासारखें आहे. लोखंड, हवेंतला प्राणवायु आणि पाणी हीं एकत्र आलीं कीं गंज उत्पन्न होतो, आणि पाण्यांत मीठ असेल तर विद्युत् सहज वाहूं लागून ती क्रिया अधिक वेगानें चालते. या गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. बोल्टाचे आटे आणि नटाचे आटे यांच्यामध्यें केसाएवढी फट असते. हा फुगलेला गंज त्या फटींत ठासून भरतो आणि दोघांना जखडून टाकतो. म्हणजे बाहेरून पाहणाराला वाटतें कीं, जोड किती घट्ट आहे! आणि आंतून त्याच वेळीं लोखंड कणाकणानें क्षीण होत असतें. जी गोष्ट सुटत नाहीं ती मजबूतच असली पाहिजे, असें अनुमान आपण नेहमीं करतों. गंजलेला बोल्ट तें अनुमान खोटें पाडतो. दृढपणा निराळा आणि जखडलेपणा निराळा. दृढ जोड भार आला असतां टिकतो. जखडलेला जोड केवळ हालत नाहीं, आणि खरा भार आला म्हणजे मोडतो.

गंजाचें दुसरें वैशिष्ट्य असें कीं, त्याला कर्ता नाहीं. आजवर कोणत्याहि मनुष्यानें बोल्ट गंजविलेला नाहीं. एकानें पावसाळ्यानंतर गाडीचें पोट धुतलें नाहीं. दुसऱ्यानें बोल्ट बसवितांना आट्यांना वंगण लावलें नाहीं. तिसऱ्यानें गंज पाहिला आणि ‘पुढच्या खेपेस बघूं’ म्हटलें. यांपैकीं एकहि गोष्ट अपराध म्हणण्याजोगी नाहीं, आणि तिन्ही मिळून फळ मात्र अपराधासारखेंच येतें. गीतेनें कर्म, अकर्म आणि विकर्म असा भेद करून त्यांची गति गहन आहे असें म्हटलें, त्याचा तात्त्विक अर्थ पंडितांनीं सांगावा. परंतु व्यवहारांत एवढें तरी दिसतें कीं, न केलेल्या कर्मालाहि फळ येतें, आणि तें बहुधा तें न करणाराच्या पदरांत न पडतां तिसऱ्याच कोणाच्या पदरांत पडतें. याला काळाचा महिमा म्हणून सोडून देतां येणार नाहीं. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षें उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडांत स्फुरदाचें प्रमाण अधिक असल्यामुळें पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर धरला, आणि दिल्लीच्या कोरड्या हवेनें त्याला साहाय्य केलें. काळ त्याच्यावरूनहि गेला. तेव्हां गंज हें काळाचें कृत्य नसून, काळ जात असतां जें करावयाचें राहून गेलें त्याची ती नोंद आहे.

घरोघरच्या व्यवहारांत हीच नोंद आपण पाहत नाहीं काय? दोन भावांमध्यें भांडण असें कधीं झालेलेंच नसतें. एका पत्राचें उत्तर राहिलेलें असतें, एका लग्नास जाणें जमलेलें नसतें, बांधावरच्या झाडाचा प्रश्न ‘पुढच्या वर्षीं पाहूं’ म्हणून तसाच पडलेला असतो. वीस वर्षांनीं त्यांचीं मुलें वाटणीचे कागद घेऊन समोरासमोर बसतात, तेव्हां त्यांच्या हातीं जें येतें तें त्यांनीं केलेलें नसतें. त्यांच्यापुढें प्रश्न उभा राहतो तो त्या मिस्त्रीपुढचाच: जें आपण गंजविलें नाहीं तें आपण कसें सोडवावें? येथें कपाळाला हात लावून पूर्वजांस दोष देत बसणें सोपें आहे. परंतु ज्यानें हयगय केली त्याचा शोध लागला म्हणून बोल्ट सुटत नाहीं. दोष दुसऱ्याचा असला तरी कर्तव्य आपलें असूं शकतें, हें मान्य करणें ही या प्रश्नांतली पहिली पायरी आहे.

दुसरी पायरी बळाची. चांगला मिस्त्री गंजलेल्या बोल्टाला हात घालतो तेव्हां त्याच्या क्रियांना एक क्रम असतो. प्रथम तो तारेच्या ब्रशानें चिखल आणि वरचा गंज झाडतो, कारण आटे दिसल्यावांचून पुढचें सर्व अंधारांतलें. मग डिझेल, रॉकेल किंवा असेंच एखादें पातळ तेल सोडतो आणि थांबतो. तेल केसाएवढ्या फटींत आपोआप शिरतें, पण त्याला वेळ लागतो. कधीं घटका, कधीं रात्र. मग हातोडीनें हलके ठोके देतो, कीं ज्यायोगें गंजाचा कणखरपणा खिळखिळा होऊन तेलाला वाट मिळेल. त्यानंतर बरोबर मापाचा रिंग पाना लावतो. ओबडधोबड मापाचा पाना डोक्याच्या कडा खातो, आणि कडा गेल्या कीं पुढें पकडावयास कांहीं उरत नाहीं. आणि पाना लावल्यावर अनुभवी मनुष्य बोल्ट सोडविण्याच्या दिशेनें एकदम हिसका देत नाहीं. तो आधीं किंचित् आवळून पाहतो. गंजाची पकड मोडावयास तेवढी हालचाल पुष्कळदां पुरते. मग अर्धा फेरा मागें, पाव फेरा पुढें, असें करीत करीत तो त्याला बाहेर आणतो.

सोडवावयाचें असतां आधीं आवळावें, ही गोष्ट ऐकावयास विपरीत वाटते, परंतु तिच्यांत मोठें शहाणपण आहे. हट्टाला पेटलेल्या मनुष्याशीं बोलतांना त्याच्या म्हणण्याच्या दिशेनें प्रथम एक पाऊल टाकणारा बोलका होतो. पहिल्याच वाक्यांत त्याला उलट फिरवूं पाहणारा त्याला अधिक जखडतो. कौटिल्यानें साम, दान, भेद आणि दंड असे चार उपाय सांगितले. त्यांत दंडाला शेवटचें स्थान आहे याचें कारण केवळ दया हें नसावें. दंडानंतर दुसरा उपाय उरत नाहीं, हें त्याचें खरें कारण. तेल वायां गेलें तर ठोका मारतां येतो, ठोका वायां गेला तर आंच देतां येते. पण बोल्टाचें डोकें तुटल्यावर तेलाचा विचार करणें व्यर्थ आहे. ज्या उपायानंतर परत फिरतां येत नाहीं तो उपाय सर्वांत शेवटीं, एवढा एक नियम पाळला तरी जगांतली निम्मी हानि टळेल.

परंतु याचा अर्थ बळ हें पाप आहे असा नव्हे, आणि येथेंच मृदुपणाच्या पुरस्कर्त्यांशीं माझा मतभेद आहे. कांहीं बोल्ट तेलानें सुटत नाहींत, आणि त्यांच्यापुढें तेलाची बाटली घेऊन आठ दिवस बसणें याला धीर म्हणतां येत नाहीं. आपल्या खेड्यांतला लोहार हें जाणून होता. बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोखंडी धाव चढवितांना तो ती आगींत तापवून लाल करी, तापल्यामुळें ती फुगे, आणि चाकावर चढल्यावर पाणी ओतलें कीं आक्रसून चाकाला मिठी मारी. तीच उष्णता उलट्या हेतूनें वापरली म्हणजे नट तापून फुगतो, आट्यांतल्या गंजाला तडा जातो, आणि जो बोल्ट कालपासून हालला नाहीं तो पान्याच्या एका फेऱ्यांत सुटतो. म्हणजे जोडणारी आणि सोडविणारी शक्ति एकच आहे. तिची नीति-अनीति ती किती मोठी आहे यावर ठरत नसून, ती कोठें लावली आणि तिच्या शेजारीं काय आहे यावर ठरते. शॉकअपांत तेल असतें आणि कित्येकांत दाबलेला वायुहि असतो. शेजारून ब्रेकची नळी गेलेली असते, कोठें डिझेलची नळी असते. आणि आधीं सोडलेलें तेल पुसून न काढतां गॅसची ज्योत जवळ नेली तर तेंच पेटतें. आंच देणाराला आपल्या हातांतल्या ज्योतीचें ज्ञान असून भागत नाहीं. ज्योतीच्या भोंवतालचें ज्ञान पाहिजे. ज्यांना हें भोंवताल दिसत नाहीं त्यांच्या हातीं बळ असूं नये, हें गाडीखालीं जितकें खरें तितकेंच राजसत्तेंत आणि घरांतहि खरें.

बळाचा विचार करतांना आणखी एक विवेक लागतो, आणि तो सर्वांत दुर्मिळ आहे. काय मोडलें तरी चालेल आणि काय कोणत्याहि परिस्थितींत मोडूं द्यावयाचें नाहीं, हें आधीं ठरविलें पाहिजे. जुना शॉकअप तर टाकूनच द्यावयाचा आहे. त्याचें रबरी बुश फाटलें, त्याची कडी कापली गेली, तरी दुःख नाहीं. नट हा चार पैशांची वस्तु आहे. छन्नीनें तो उभा चिरून काढला तर नवा मिळतो. परंतु बोल्ट ज्या पट्टींत बसतो आणि जी पट्टी गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते, ती वांकली किंवा तिच्यांतले आटे गेले, तर सर्व गाडीचेंच अंग बिघडलें. चांगला कारागीर नटाचा बळी देऊन सांगाडा वांचवितो. संतापलेला कारागीर बोल्टाशीं झुंजतां झुंजतां सांगाडाच मोडून ठेवतो. आपल्या भांडणांत आपण बहुधा या दुसऱ्या कारागिराचें अनुकरण करतों. शब्द कोणाचा राहिला, मान कोणाचा गेला, हे नट वांचविण्यासाठीं आपण नात्याचा सांगाडा वांकवितों, आणि मग जिंकल्याचें समाधान मानतों.

येथवर धीराची महती गाइली. आतां तिच्यावरच्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो खोटा नाहीं. धीराला पैसे पडतात. तेल रात्रभर मुरावयाचें तर गाडी रात्रभर उभी राहिली पाहिजे. जिची रोजची फेरी चुकली तर चूल पेटत नाहीं अशी ती प्रवाशांची जीप असेल. सोयाबीन किंवा कपाशी बाजारांत न्यावयाची असेल. मालक घाईंत आहे, आणि मिस्त्रीला मजुरी मिळते ती कामाच्या नगावर. तो किती वेळ थांबला यावर नाहीं. थांबलेल्या रात्रीचे पैसे कोण देणार? ज्याला त्या रात्रीचें भाडें भरावयाचें नाहीं त्यानें दुसऱ्याला धीर धरण्याचा उपदेश करणें फार स्वस्त आहे. बहुतेक वेळां या घाईचें ओझें सर्वांत दुबळ्यावर, म्हणजे गाडीखालीं उताणा पडून काम करणाऱ्या पोरावर येतें. गाडी नुसत्या जॅकवर उचललेली असते; खालीं लांकडी ठोकळे किंवा घोडी लावावयास फुरसत नसते; वरून गंजाच्या खपल्या डोळ्यांत पडत असतात, आणि डोळ्यांवर चष्मा नसतो. त्यानें जोरानें दांडा ओढला आणि गाडी हालली तर काय होईल, याचा हिशेब त्या घाईंत कोणी केलेला नसतो. म्हणून धीर हा केवळ कारागिराचा गुण म्हणून शिकवितां यावयाचा नाहीं. ज्याला काम करून घ्यावयाचें आहे त्यानें धीराची किंमत स्वतः मोजण्याची तयारी ठेवली पाहिजे. ‘तासाभरांत करून दे’ असें म्हणणारा मालक, पुढें बोल्ट तुटला तर त्या तुटण्यांतला अर्धा भागीदार आहे.

आणि बोल्ट तुटतो. सर्व क्रम पाळला, सर्व काळजी घेतली, तरीहि कित्येकदां तो तुटतोच. कारण तो आधींच आंतून गेलेला असतो. माझ्या मतें या सर्व प्रकरणाचा खरा नैतिक मुद्दा येथें सुरू होतो. तुटणें हा दोष नव्हे. तुटल्यानंतर काय केलें जातें यांत दोष असूं शकतो. तुटलेला तुकडा भोंक पाडून काढणें, नवे आटे पाडणें, हें सावकाश आणि किचकट काम आहे. त्याऐवजीं तुटल्या जागीं वेल्डिंगचा एक ठिपका ठेवून देणें, गंजून बारीक झालेला जुनाच बोल्ट काळा रंग लावून पुन्हा बसविणें, किंवा एका बाजूचा शॉकअप बदलून दुसऱ्या बाजूचा सुटला नाहीं म्हणून तसाच ठेवणें आणि पैसे मात्र दोहोंचे घेणें, हें फार सोपें. गाडीचें पोट कोण पाहतो? प्लेटोनें आपल्या ‘रिपब्लिक’ ग्रंथांत गायजीसच्या अंगठीची कथा घातली आहे. ती अंगठी फिरविली कीं घालणारा अदृश्य होई. आणि प्रश्न असा कीं, अदृश्य झालेला मनुष्य न्यायानें वागेल काय? आपणांस त्यासाठीं जादूची अंगठी शोधावयास नको. गाडीखालीं सरकलेला प्रत्येक कारागीर, पायाच्या भिंतींत सिमेंट किती घातलें हें एकट्यालाच ठाऊक असलेला प्रत्येक गवंडी, औषधाची पुडी बांधणारा प्रत्येक मनुष्य ती अंगठी रोज बोटांत घालतो. आणि ज्या समाजाचें नित्याचें जीवन चालतें, तें अशा असंख्य माणसांपैकीं बहुतेकांनीं अदृश्य असतांहि बरोबर काम केलें म्हणूनच चालतें. मालकाला बोलावून, तुटलेला तुकडा दाखवून, ‘हा तुटला, काढावयास आणखी अर्धा दिवस लागेल आणि इतके पैसे पडतील’ असें सांगणारा मिस्त्री हा नीतिशास्त्राच्या ग्रंथांत न सांपडणारा पण त्या ग्रंथांना आधार देणारा पुरुष आहे. आणि तें ऐकून त्याच्यावर न खेकसणारा मालक हा त्याचा योग्य जोडीदार आहे. कारण खरें बोलणाऱ्याला शिव्या मिळूं लागल्या कीं तो लवकरच रंगाचा डबा जवळ बाळगूं लागतो.

आतां शेवटची पायरी उरली, ती नवा बोल्ट बसविण्याची. सोडविण्याच्या श्रमांनीं थकलेला मनुष्य बसविण्याचें काम भराभर उरकतो, आणि म्हणूनच गंजाची पुढची पिढी जन्मास येते. वस्तुतः येथें पहिल्याइतकेंच लक्ष पाहिजे. बोल्ट नवा आणि योग्य ताकदीचा पाहिजे. त्याच्या डोक्यावर ८·८ सारखे जे आंकडे असतात ते शोभेसाठीं नसून त्याची ताण सोसण्याची शक्ति सांगतात. आटे स्वच्छ करून त्यांना ग्रीसचा पातळ हात द्यावा, पण रबरी बुशाला तेल लागूं देऊं नये, कारण तेलानें रबर फुगतें. वंगण लावलेला बोल्ट कमी जोरानें अधिक आवळला जातो, हें ध्यानांत ठेवून हात आंवरावा. ज्या शॉकअपाचा बोल्ट रबरी बुशांतून आडवा जातो, त्याचा शेवटचा आवळ गाडी जॅकवरून उतरून तिचा भार चाकांवर आल्यावरच द्यावा. गाडी अधांतरीं असतांनाच आवळलें तर भार येतांक्षणीं रबराला पीळ पडतो आणि तें अकालीं फाटतें. ज्यानें जो भार सोसावयाचा त्या भारासह त्याला बांधावें, हा नियम बोल्टापुरताच मर्यादित आहे असें मला वाटत नाहीं.

या सर्व काळजीचा लाभ ती घेणाराला बहुधा मिळत नाहीं, हें विशेष आहे. आज लावलेल्या ग्रीसचें फळ पांच-सात वर्षांनीं कोणत्यातरी दुसऱ्या गांवच्या, दुसऱ्या मिस्त्रीला मिळेल. पूर्वीं लांबच्या बाजाराला निघण्याआधीं गाडीवान आखाला वंगण घाली तें स्वतःच्या बैलांच्या दयेनें. त्यांत त्याचा स्वार्थहि होता. आट्यांना लावलेल्या ग्रीसांत तेवढाहि स्वार्थ नाहीं. आपल्या परंपरेंत देव, ऋषि आणि पितर यांचीं ऋणें सांगितलीं आहेत. तीं सर्व मागच्यांचीं आहेत. जो पुढें आपलें काम उघडून पाहील त्याचेंहि आपण कांहीं देणें लागतों, हें चौथें ऋण मानावयास हरकत नसावी. जें बांधावयाचें तें सुटूं नये इतकें घट्ट बांधावें, आणि तरीहि योग्य वेळीं, योग्य हत्यारानें, मोडतोड न होतां तें सोडवितां यावें असें बांधावें. हीं दोन्ही एकाच वेळीं साधणें यांतच बांधण्याची खरी कला आहे.

मोठ्या प्रमाणावर याचें उदाहरण आपल्या देशानें जगापुढें ठेविलें आहे. २६ जानेवारी १९५० रोजीं जी राज्यघटना अंमलांत आली, तिच्यांत ती बदलण्याची रीति सांगणारें ३६८ वें कलम घटनाकारांनीं प्रथमपासूनच घातलें होतें. कांहीं कलमांना संसदेचें विशेष बहुमत, कांहींना त्याशिवाय निम्म्या राज्यांची संमति. म्हणजे सहज हातानें फिरणार नाहीं, पण योग्य पाना लावला तर फिरेल, असा तो बोल्ट आहे. आपल्यानंतर येणारे लोक आपल्याइतकेच शहाणे असतील आणि त्यांच्या अडचणी आपल्याला आज दिसत नाहींत, एवढें कबूल करण्याची नम्रता त्यांत आहे. ज्या चालीरीतींत, ज्या संस्थांत आणि ज्या नात्यांत ही नम्रता नसते, त्या सुटत नाहींत म्हणून आपण त्यांना सनातन म्हणतों. आणि एके दिवशीं त्या मोडल्या म्हणजे मोडणाराच्या नांवानें बोटें मोडतों.

गंजलेला बोल्ट आपल्याला जें शिकवितो तें इतकेंच. न केलेल्या कामाचेंहि फळ असतें. तें ज्याच्या हातीं येतें त्यानें दोषाचा हिशेब बाजूला ठेवून तेलाची बाटली उचलावी. बळ वापरावें लागलें तर काय वांचवावयाचें हें आधीं ठरवून वापरावें. मोडलें तर सांगावें. आणि पुन्हा बांधतांना पुढच्याची आठवण ठेवावी. तो पुढचा मनुष्य आपल्याला ओळखणार नाहीं, आपलें नांवहि त्याला कळणार नाहीं. कधींतरी कोठल्यातरी झाडाखालीं गाडी उभी करून तो पाना लावील, आणि बोल्ट निमूटपणें फिरूं लागेल. आपल्याआधीं येथें कोणी नीट काम करून गेला आहे, एवढें त्याच्या हाताला कळेल. आणि नवा बोल्ट बसवितांना त्याचाहि हात आपोआप ग्रीसच्या डब्याकडे जाईल.